जागतिक वाङ्मयाचे अध्ययन आणि आरंभबिंदूचा प्रश्न

१

जगातील भाषा व संस्कृती यांचे अध्ययन हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आज कोणी उघडपणे विचारीत नाही. असे अभ्यासक्रम ठिकठिकाणच्या विद्यापीठांत सुरू होऊन कित्येक दशके लोटली आहेत. आणि जी गोष्ट प्रत्यक्ष चालू आहे, ती शक्य आहे काय असे विचारणे निरर्थक ठरते. तथापि प्रत्येक पिढीतील विद्यार्थी या प्रश्नापाशी नव्याने अडखळतोच. त्याच्या हाती दोन वर्षे असतात. संशोधनासाठी राहिला तर आणखी चार-पाच. उलटपक्षी जगातील भाषा हजारांनी मोजाव्या लागतात. एका भाषेचे वाङ्मय नीट वाचावयाचे म्हटले तरी आयुष्य अपुरे पडते, असा त्या एकाच भाषेत मुरलेल्या पंडितांचाही अनुभव आहे. मग आपल्या अभ्यासविषयाच्या नावात ‘जग’ हा शब्द घालण्याचा अधिकार या विद्यार्थ्याला कशाच्या बळावर प्राप्त होतो?

या प्रश्नाला आडवळणे न घेता भिडणारा एक छोटेखानी निबंध एरिख आउअरबाख यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. ‘जागतिक वाङ्मयाची भाषाविद्या’ असा त्याच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ होतो. फ्रिट्झ श्ट्रिश यांच्या गौरवग्रंथासाठी लिहिलेला हा निबंध प्रथम थोड्याच विद्वानांच्या वाचनात आला असावा. १९६९ मध्ये एडवर्ड सैद आणि मायर सैद यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि त्यानंतर मात्र तुलनात्मक वाङ्मयाभ्यासाच्या वर्गांत तो मूलभूत लेखनांपैकी एक म्हणून वाचला जाऊ लागला. या निबंधाने सुचविलेला मार्ग आजही उपयुक्त आहे. परंतु त्यात एक उणीव आहे, आणि ती लक्षात न घेतल्यास तोच मार्ग अभ्यासकाला भलतीकडे नेऊ शकतो. निबंधाचे गुण व ही उणीव या दोहोंचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

‘जागतिक वाङ्मय’ ही कल्पना गटेच्या नावाशी जोडली जाते. ३१ जानेवारी १८२७ रोजी एकरमानशी झालेल्या संभाषणात एका चिनी कादंबरीचा विषय निघाला असता, राष्ट्रीय वाङ्मयाचे दिवस सरत आले असून जागतिक वाङ्मयाचे युग जवळ येत आहे, अशा आशयाचे विचार गटेने बोलून दाखविले. हा गटे चिनी जाणत नव्हता आणि संस्कृतही जाणत नव्हता. ज्या ‘शाकुंतला’ने तो भारावून गेला, ते त्याच्या हाती दोन वळणे घेऊन आलेले होते. विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये ते इंग्रजीत आणले आणि गेओर्ग फोर्स्टर यांनी त्या इंग्रजीवरून १७९१ मध्ये जर्मनमध्ये उतरविले. ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगभूमीवरील प्रवेश या भाषांतरातील नांदी-प्रस्तावनेवरून सुचला असे मानले जाते. म्हणजे जागतिक वाङ्मयाची कल्पनाच मुळी भाषांतराच्या कुशीत जन्मास आली. भाषांतराचा केवळ तिरस्कार करून या विषयाचा अभ्यास करता येणार नाही, हे येथेच स्पष्ट होते.

आउअरबाख गटेपासूनच आरंभ करतात. पण त्यांचा सूर आशेचा नाही. त्यांच्या मते गटेच्या कल्पनेत मानवजातीच्या विविधतेची एक पूर्वअट गृहीत धरलेली आहे. अनेक संस्कृती परस्परांहून भिन्न असतील तरच त्यांच्यात देवाणघेवाण संभवते. पण दुसऱ्या महायुद्धानंतरचे जग वेगाने एकसारखे होत चालले आहे. जीवनपद्धती युरोप-अमेरिकेच्या धर्तीवर बेतली जावो की सोव्हिएत धर्तीवर बेतली जावो, साचे थोडेच उरणार आहेत. उद्या या पृथ्वीवर थोड्या, कदाचित एकाच, वाङ्मयीन भाषा शिल्लक राहिल्या, तर जागतिक वाङ्मयाची कल्पना सिद्धीस जाईल आणि त्याच क्षणी ती नष्टही होईल. या विरोधाभासातून ते अभ्यासकाचे कर्तव्य निश्चित करतात. विविधता अद्याप स्मरणात असलेल्या काळात आपण उभे आहोत. म्हणून तिचा इतिहास लिहून ठेवणे हे या पिढीचे काम होय.

हे काम करावयाचे कसे? सामग्री अफाट आहे, आणि प्रत्येक क्षेत्राच्या विशेषज्ञांनी आपापली पद्धत व परिभाषा बनविली आहे. ज्ञानकोशासारखा ढीग रचून काही साधत नाही. ‘स्वच्छंदवाद’, ‘नियतिकल्पना’, ‘पुराणकथा’ अशा व्यापक संज्ञा हाती घेऊन त्यांत सामग्री कोंबणेही त्यांना मान्य नाही. कारण अशा संज्ञा विषयातून निघत नाहीत, त्या विषयावर बाहेरून लादल्या जातात. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे आरंभबिंदू. अभ्यासकाने एक मूर्त, मर्यादित आणि हाताळता येण्याजोगी गोष्ट निवडावी. ती एखाद्या शब्दाच्या अर्थाची वाटचाल असेल, एखादी वाक्यरचना असेल, एखादे अलंकारिक वळण असेल. मात्र तिच्या ठायी प्रकाश फाकण्याची शक्ती हवी. तिच्यापासून निघालेला अभ्यासक हळूहळू विस्तृत इतिहासापर्यंत पोहोचला पाहिजे. युरोपीय वाङ्मयातील रूढ वर्णनस्थळांवरून लॅटिन मध्ययुगाचे समग्र चित्र उभे करणारा कुर्टियुस यांचा १९४८ मधील ग्रंथ त्यांना या पद्धतीचा आदर्श वाटतो.

त्यांचा स्वतःचा ‘मिमेसिस’ हा ग्रंथही याच पद्धतीने सिद्ध झाला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या प्रारंभी मूळ भाषेतील एक उतारा ठेवावा, त्याची वाक्ये तपासावीत, आणि त्या वाक्यांच्या जडणघडणीतून त्या युगाची वास्तवाविषयीची समज उलगडावी, असा त्याचा क्रम आहे. ओडिसियसच्या मांडीवरील व्रण दासी ओळखते हा प्रसंग आणि अब्राहामाने पुत्रबलीसाठी केलेला प्रवास ही दोन कथने शेजारी ठेवून पहिल्या प्रकरणात जी तुलना केली आहे, तिची मोहिनी आजही ओसरलेली नाही. होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतचा तीन सहस्रकांना कवेत घेणारा पल्ला असा काही पानांच्या आधारावर गाठता येतो, हे त्यांनी करून दाखविले. विद्यार्थ्याला त्यातून केवढा धीर मिळतो! सगळे जग वाचून होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एक दार नीट निवडले म्हणजे पुरे.

३

‘मिमेसिस’ कोठे लिहिला गेला ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्यू असल्यामुळे आउअरबाख यांना १९३५ मध्ये मारबुर्ग विद्यापीठातील अध्यापकपद गमवावे लागले. १९३६ मध्ये ते इस्तंबूलला गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. मे १९४२ ते एप्रिल १९४५ या अवधीत लिहिलेला हा ग्रंथ १९४६ मध्ये बर्न येथे छापला गेला. समृद्ध युरोपीय ग्रंथालय हाताशी असते तर कदाचित आपण हा ग्रंथ लिहिण्यास धजलोच नसतो, असे त्यांनी समारोपात सूचित केले आहे. या उद्गारामुळे इस्तंबूल म्हणजे जणू एक रिकामी जागा, जेथे विद्वानाला काही सापडले नाही म्हणून तो आपल्या स्मृतीकडे वळला, असा समज पुढे रूढ झाला. पुढील संशोधकांनी, विशेषतः कादर कोनुक यांनी २०१० मधील आपल्या ग्रंथात, तो बराच दुरुस्त केला आहे. १९३३ मध्ये विद्यापीठाची पुनर्रचना करून तुर्की सरकारने जर्मनीतून बाहेर पडलेल्या अनेक प्राध्यापकांना बोलाविले होते. ते शहर रिकामे नव्हते. स्वतःची भाषा, लिपी आणि परंपरा यांची नव्याने मांडणी करण्यात ते गुंतलेले होते.

येथेच आरंभबिंदूच्या सिद्धांतातील उणीव दिसू लागते. आउअरबाख अकरा वर्षे तुर्की भाषेच्या सान्निध्यात राहिले. तुर्की विद्यार्थ्यांसाठी त्यांनी रोमान्स भाषाविद्येची एक प्रवेशिकाही लिहिली, आणि ती १९४४ मध्ये तुर्की भाषांतरात प्रसिद्ध झाली. पण ‘मिमेसिस’मध्ये तुर्की वाङ्मयाला स्थान नाही. ग्रंथाचा विषयच पाश्चात्त्य वाङ्मय असल्यामुळे तो दोष म्हणता येणार नाही. परंतु १९५२ चा निबंध पाश्चात्त्य वाङ्मयाविषयी नाही. तो जगाविषयी आहे. त्या निबंधातील एकरूपतेची भीती काही अंशी इस्तंबूलच्या अनुभवातून आलेली असावी. १९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी टाकून रोमन लिपी स्वीकारली. नव्या पिढीला आपल्याच भाषेतील थोडे जुने लेखनही वाचता येईनासे झाले, याविषयीची तीव्र चिंता १९३७ च्या प्रारंभी वाल्टर बेंजामिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी व्यक्त केली होती. म्हणजे तुर्की ही त्यांच्या लेखी एका मोठ्या ऱ्हासाचे उदाहरण होती. तिच्यातून काही शिकावे, तिच्या तोंडून आपल्या प्रश्नाचे उत्तर ऐकावे, असे तिचे स्थान नव्हते.

त्यांच्याच अगोदर त्या पदावर असलेले लिओ स्पिट्झर १९३३ ते १९३६ अशी अवघी तीन वर्षे इस्तंबूलमध्ये होते. त्यांनी १९३४ मध्ये तुर्की शिकण्याच्या अनुभवावर एक लेख तुर्की नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात एक प्रौढ, विख्यात भाषापंडित विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसलेला दिसतो. तुर्की वाक्याच्या लकबी, बोलणाऱ्याचा भाव व्याकरणात कसा उमटतो, याची तो नोंद करतो. आणि युरोपीय भाषांना जे सहज वाटते ते सहज नाही, हे त्याच्या ध्यानात येते. हा लेख ‘मिमेसिस’च्या तोलाचा नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जगातील भाषांच्या अभ्यासाचे जे पहिले पाऊल असते, ते त्या लहान लेखात आहे आणि त्या महान ग्रंथात नाही.

तात्पर्य, आउअरबाख यांनी आरंभबिंदूसाठी दोन अटी घातल्या: तो मूर्त असावा आणि त्याच्यात प्रकाश फाकण्याची शक्ती असावी. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इटालियन या भाषांच्या प्रदेशात या दोन अटी पुरेशा होत्या; कारण त्या भाषांचे ज्ञान त्यांच्या पिढीला शालेय शिक्षणातूनच वारशाने मिळालेले होते. तो वारसा संपत आला आहे हे त्यांनी स्वतःच खेदाने नमूद केले आहे. पण ज्या भाषा अभ्यासकाच्या वारशाबाहेरच्या आहेत, त्यांच्या बाबतीत तिसरी अट आवश्यक होते. आरंभबिंदूच्या ठायी अभ्यासकाला अडविण्याची शक्ती असली पाहिजे. आपण जो प्रश्न घेऊन गेलो तो चुकीच्या रीतीने विचारलेला आहे, असे त्या भाषेला आपल्याला सांगता आले पाहिजे. आणि ते ऐकू येण्याइतकी ती भाषा आपल्याला आली पाहिजे.

४

ही तिसरी अट वगळली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण फ्रँको मोरेटी यांच्या २००० मधील प्रबंधात मिळते. जागतिक वाङ्मयाविषयीची अनुमाने मांडणाऱ्या या लेखात त्यांनी ‘दूरवाचना’चा पुरस्कार केला. जगातील कादंबऱ्या इतक्या आहेत की, त्या वाचून त्यांचा इतिहास लिहिणे कोणाही एकट्याला अशक्य आहे. म्हणून मूळ कृती न वाचता त्या-त्या भाषेतील अभ्यासकांनी काढलेले निष्कर्ष एकत्र करावेत आणि त्यांतून नियम शोधावा, अशी त्यांची भूमिका आहे. आउअरबाख यांनी ज्या अडचणीचा विचार केला तीच ही अडचण. पण उत्तर मात्र अगदी उलट दिशेचे. मोरेटी यांना सापडलेला नियम असा: वाङ्मयव्यवस्थेच्या परिघावरील संस्कृतींत आधुनिक कादंबरी स्वतंत्र विकासातून जन्मत नाही, पाश्चात्त्य घाट आणि स्थानिक आशय यांच्या तडजोडीतून ती अवतरते. पुढे त्यांनी त्यात स्थानिक निवेदकाचा आवाज हा तिसरा घटकही मिळविला. भूमिका प्रामाणिकपणे मांडलेली आहे, आणि ती सहजासहजी झटकून टाकण्याजोगी नाही.

हा नियम मराठीला लावून पाहणे उद्बोधक ठरेल, कारण मराठी ही अशा परिघावरच्या भाषांपैकीच एक होय. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. हिंदू विधवांची स्थिती हा त्याचा विषय, आणि ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या प्रेरणेतून ते लिहिले गेले आहे. परका घाट आणि स्थानिक आशय हे समीकरण येथे तंतोतंत जुळते. पण अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि एका पिढीच्या वाचकांनी व लेखकांनी तिच्याच वाटेने जाणे पसंत केले. ती अद्भुतरम्य आहे. संस्कृत कथापरंपरेशी तिचे नाते उघड आहे, आणि अरबी-फारशी कथांच्या मराठी अवतारांनी घडविलेली वाचकांची रुचीही तिच्या पाठीशी उभी आहे. दुरून पाहणाऱ्याला ही ‘मुक्तामाला’ मागासलेली, कादंबरी होता होता राहिलेली कृती वाटेल. ‘यमुनापर्यटन’ हा मुख्य प्रवाह आणि ‘मुक्तामाला’ हे विचलन, असा हिशेब तो मांडील. जवळून पाहणाऱ्याला वेगळेच दिसते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि गुंजीकरांची १८७१ मधील ‘मोचनगड’ अशा तीन कृतींना तीन प्रवृत्तींच्या शीर्षस्थानी ठेवले. एका भाषेत एका वाङ्मयप्रकाराचे तीन उगम असू शकतात. नियम मात्र त्यांपैकी एकाचीच गणना करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट खुद्द नावात दडलेली आहे. ज्या प्रकाराला बंगाली व हिंदी ‘उपन्यास’ म्हणतात आणि गुजराती ‘नवलकथा’ म्हणते, त्याला मराठीने ‘कादंबरी’ म्हटले. कन्नडनेही तेच नाव घेतले. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका गद्य कथेचे विशेषनाम एका नव्या वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम झाले. गुजरातीच्या नावात नवेपणाचा स्वीकार आहे. मराठीच्या नावात नव्या पाहुण्याला जुन्या वाड्यात आणून बसविण्याचा आग्रह आहे. हे नाव योग्य की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु त्या काळच्या मराठी वाचकाने नव्या गद्यकथेकडून कशाची अपेक्षा केली, हे त्या एका शब्दावरून कळते. शापांनी व पुनर्जन्मांनी गुंफलेली, कथेच्या पोटात कथा सांगणारी, भाषेच्या ऐश्वर्यात रमणारी जी बाणाची रचना, तिची आठवण मनात असलेल्या वाचकाला ‘मुक्तामाला’ हे विचलन वाटलेच नसणार.

‘कादंबरी’ हा शब्द आउअरबाख यांच्या अर्थाने उत्कृष्ट आरंभबिंदू होय. तो मूर्त आहे, त्याच्यापासून प्रकाश फाकतो, आणि तो अभ्यासकाला अडवितोही. ‘परिघावर कादंबरी कशी पोहोचली?’ असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला तो विचारतो, ‘आपण कादंबरी कशाला म्हणता?’ दूरवाचनाला हा प्रतिप्रश्न ऐकू येण्याची शक्यता थोडी, कारण त्याच्यापर्यंत मराठी शब्द पोहोचतच नाही. पोहोचते ते त्या शब्दाचे इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतर होताच बाणभट्ट अदृश्य होतो.

आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. दूरवाचन हे श्रमविभागणीवर उभे आहे. मूळ कृती कोणी तरी वाचल्याच पाहिजेत. त्या वाचणार परिघावरील भाषांचे विभाग, आणि निष्कर्ष एकत्र करून सिद्धांत मांडणार ती मोजक्या ठिकाणची मोठी विद्यापीठे. कापूस एकीकडे पिकावा आणि गिरणी दुसरीकडे चालावी, असा हा व्यवहार होय. त्यात मराठी विभागाच्या वाट्याला कायमचे माहिती पुरविण्याचे काम येते. या व्यवस्थेत अन्याय आहे हे तर खरेच. पण शास्त्रदृष्ट्या अधिक गंभीर गोष्ट अशी की, ज्याने प्रश्न तपासावयाचा त्यालाच प्रश्न बदलण्याचा अधिकार तीत राहत नाही.

५

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्राच्या भूमीवरच सापडते, आणि तेही एका परदेशी अभ्यासकाचे आहे. गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे अध्यापक. आउअरबाख यांच्याप्रमाणेच त्यांचेही आरंभीचे अध्ययन कायद्याचे; हिंदू एकत्र कुटुंब या कायदेविषयक संस्थेवर त्यांचा १९७७ मधील ग्रंथ आहे. परंतु त्यांच्या खऱ्या व्यासंगाचे दार उघडले ते धनगरांच्या ओव्यांनी. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये निघाले.

‘ओवी’ हा शब्द घेऊन मराठी वाङ्मयाचा अभ्यासक ‘ज्ञानेश्वरी’कडे किंवा जात्यावरच्या गाण्यांकडे जातो. धनगरांची ओवी या दोहोंहून निराळी. तिच्यात काही भाग गावयाचा असतो आणि त्यामागून तोच आशय कथेच्या रूपाने, गद्यात, सांगावयाचा असतो. छंदाची ग्रंथगत व्याख्या हाती घेऊन गेलेल्याला ही ओवी तेथल्या तेथे अडविते. सोंथायमर अडले, आणि अडल्या जागीच त्यांनी बैठक मारली. ज्यांच्या तोंडी ही ओवी होती त्यांची बोली त्यांनी शिकून घेतली, त्यांच्या जत्रांना ते जात राहिले. त्या एका आरंभबिंदूपासून मग केवढा विस्तार झाला! मेंढपाळांचे ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर, रानातल्या वारुळाशी जोडलेला देव गावाच्या वेशीत कसा येतो, ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ यांचे परस्परसंबंध, खंडोबाची शिकार आणि त्याचे राजेपण, कर्नाटकातील मैलार आणि आंध्रातील मल्लन्ना यांच्याशी त्याचे नाते: मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांच्या प्रदेशांवर पसरलेली एक संस्कृती त्या ओव्यांच्या उजेडात दिसू लागली.

येथे विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या अभ्यासात मराठी विद्वान केवळ माहिती पुरविणारे राहिले नाहीत. रा. चिं. ढेरे यांचा खंडोबा-विठ्ठलादी दैवतांविषयीचा स्वतंत्र व्यासंग याच प्रदेशात चाललेला होता. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ मधील ग्रंथ पंढरीच्या देवाचे मूळ गोपजनांच्या दैवतांत शोधतो, त्याचेही इंग्रजी भाषांतर फेल्डहाउस यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. अशा अभ्यासात मराठीतून मांडलेला सिद्धांत सिद्धांत म्हणूनच वाचला गेला, कारण तो वाचणाऱ्याला मराठी येत होते. भाषा येणे याचा ज्ञानव्यवहारातील खरा अर्थ हा होय. त्यायोगे माहिती तर मिळतेच. पण समोरच्याच्या मताला आपल्या मताइतकेच वजन देणेही त्यायोगेच शक्य होते.

६

यावर एक आक्षेप संभवतो. सोंथायमर यांनी एका प्रदेशाचा अभ्यास केला. त्याला जगाचा अभ्यास कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे, आणि आउअरबाख यांचे मोल येथेच पुन्हा पटते. जग हे सर्व प्रदेशांची बेरीज नव्हे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०७ मध्ये कलकत्ता येथे राष्ट्रीय शिक्षण परिषदेपुढे ‘विश्वसाहित्य’ या विषयावर व्याख्यान दिले. हे माझे शेत, ते तुझे शेत, अशी पृथ्वीची वाटणी करून पाहणे जसे ग्राम्यपणाचे, तसेच निरनिराळ्या लोकांच्या ग्रंथांचा ढीग म्हणजे विश्वसाहित्य असे मानणेही, असा त्यांचा अभिप्राय होता. त्याच परिषदेच्या परंपरेतून उदयास आलेल्या जादवपूर विद्यापीठात १९५६ मध्ये बुद्धदेव बसू यांनी तुलनात्मक वाङ्मयाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही घटना केवळ योगायोगाची मानता येत नाही. जग हा अभ्यासाचा विस्तार नसून अभ्यासाची वृत्ती आहे, हा विचार गटे, ठाकूर आणि आउअरबाख या तिघांच्याही लेखनातून निष्पन्न होतो. प्रश्न एवढाच की, ती वृत्ती अंगी बाणली आहे हे ओळखावयाचे कसे? घोषणेवरून ती ओळखता येत नाही. परक्या भाषेने अभ्यासकाला कोठे अडविले आणि त्या अडण्यातून त्याने आपला प्रश्न कसा बदलला, यावरूनच ती ओळखता येते.

दुसरा आक्षेप भाषांतराविषयीचा. डेव्हिड डॅमरॉश यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, जी कृती आपल्या मूळ संस्कृतीबाहेर संचार करते आणि भाषांतरात काही कमावते, ती जागतिक वाङ्मयात मोडते. गटेचे ‘शाकुंतल’ ध्यानी घेतले तर हे नाकारता येत नाही. मात्र एमिली अ‍ॅप्टर यांनी २०१३ मध्ये दाखविलेला धोकाही खरा आहे. भाषांतर सर्वत्र होऊ शकते असे गृहीत धरले म्हणजे जे भाषांतरास दाद देत नाही ते विस्मृतीत जाते. या दोन मतांत निवड करण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याने भाषांतरे अवश्य वाचावीत; त्यांच्याविना जगाचे भान येणार नाही. परंतु एक तरी परकी भाषा त्याने अशी शिकावी की, तिच्यातील कृतीचे भाषांतर हाती येताच त्यातून काय निसटले हे त्याला स्वतःला सांगता यावे. एका भाषेत हा अनुभव आला की, न येणाऱ्या इतर भाषांच्या भाषांतरांकडेही तो सावध दृष्टीने पाहू लागतो. एका भाषेने शिकविलेली ही नम्रता पुढे सर्व भाषांच्या उपयोगी पडते.

ही कसोटी केवळ पाश्चात्त्य विद्यापीठांना लावून भागणार नाही. मुंबई-पुण्यातील विद्यार्थी रशियन कादंबरी, जपानी नाटक, लॅटिन अमेरिकन कथा हे सर्व बहुधा इंग्रजीच्या एकाच खिडकीतून पाहतो, आणि ती खिडकी म्हणजेच जग असे समजू लागतो. त्याहून आश्चर्य असे की, कन्नड व तेलुगू या शेजारच्या भाषांतील वाङ्मयही तो त्याच खिडकीतून पाहतो. खंडोबा आणि मैलार यांच्यामध्ये सीमा नाही. ती आहे मराठी आणि कन्नड या विभागांच्या दालनांमध्ये. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तीत हेच दुखणे ओळखलेले होते. तिरुचिरापल्लीच्या कारागृहात असताना ते तमिळकडे वळले आणि ‘कुरळ’ त्यांनी मराठीत आणले, हे उदाहरण अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. तेथे ना भाषाप्रयोगशाळा होती ना शिष्यवृत्ती. होती ती शिकण्याची गरज आणि शिकविणारी शेजारची माणसे.

आउअरबाख यांच्या निबंधाचा शेवट एका उदात्त विचाराने होतो. आपली भाषा व आपली परंपरा हा अभ्यासकाचा सर्वांत मौल्यवान वारसा खरा. पण त्यापासून दूर होऊन, त्याच्या पलीकडे जाऊन मगच तो फलदायी होतो, असे ते सांगतात, आणि त्यासाठी बाराव्या शतकातील सेंट व्हिक्टरच्या ह्यूगोचा आधार घेतात. निर्वासिताच्या लेखणीतून उतरलेला हा विचार कोणाही वाचकाला हेलावून सोडतो. पण घर सोडणे हा प्रवासाचा पूर्वार्ध आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या शब्दांत आपले नाव कसे उच्चारले जाते ते ऐकणे हा उत्तरार्ध. आउअरबाख यांनी पूर्वार्ध अतुलनीय रीतीने लिहिला. स्पिट्झर यांच्या लहानशा लेखाने उत्तरार्धाची वाट दाखविली, आणि धनगरांच्या ओव्यांपाशी बसलेल्या सोंथायमर यांनी ती चालून दाखविली. जगाच्या भाषा व संस्कृतींचा पदव्युत्तर अभ्यास या दोहोंना जोडून घेईल तरच त्याच्या नावातील ‘जग’ हा शब्द सार्थ ठरेल. एरवी तो एका भाषेत बसून इतरांविषयी केलेला संवादच राहील.